गावठी : नोंदवहीबाहेरचा वंश

मराठीत कुत्र्याविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा त्याच्या जातीचा असतो. 'कोणत्या जातीचा आहे?' असे आपण सहज विचारतो, आणि 'गावठी' असे उत्तर आले की विषय तिथेच संपतो. इंग्रजीत माणसाच्या जातीसाठी एक शब्द आहे आणि कुत्र्याच्या जातीसाठी दुसरा. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. 'अस्सल', 'भेसळ', 'संकर', 'कुळी', 'बीज' हे शब्दही असेच माणसाच्या अंगणातून जनावराच्या गोठ्यात आणि तिथून परत अंगणात ये-जा करीत असतात. ही ये-जा भाषेच्या अभ्यासकाने एकदा थांबून न्याहाळावी, असे आम्हांला वाटते. त्याला निमित्त आहे ते घरबसल्या करता येणाऱ्या कुत्र्याच्या डीएनए चाचणीचे.

या चाचणीची रीत सोपी आहे. कुत्र्याच्या गालाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा फिरवायचा, तो नळीत बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि काही आठवड्यांनी येणाऱ्या अहवालाची वाट पाहायची. अहवालात टक्केवारी असते : अमुक जात इतके टक्के, तमुक जात इतके टक्के. अमेरिकेत अशा चाचण्या २००७ च्या सुमारास बाजारात आल्या. आरंभी काहींसाठी पशुवैद्याकडे जाऊन रक्त द्यावे लागे. पुढे गालातला बोळा पुरेसा ठरला. मार्स या कंपनीची 'विस्डम पॅनेल' आणि २०१५ मध्ये सुरू झालेली 'एम्बार्क' ही त्यांतली ठळक नावे. आपल्याकडेही शहरांतल्या श्वानप्रेमींना त्यांचे कुतूहल आहे. ज्याने रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणले, त्याला त्याच्या लांब कानांचा किंवा झुपकेदार शेपटीचा उगम जाणून घ्यावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

मात्र चाचणी नेमके काय करते, हे समजून घ्यायला हवे. कुत्र्याच्या जनुकसंचात ठिकठिकाणी एकेका अक्षराचे फरक असतात. असे हजारो फरक वाचले जातात आणि प्रयोगशाळेने आधीच जमवलेल्या, जात निश्चित असलेल्या कुत्र्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले जातात. गुणसूत्राचा प्रत्येक तुकडा ज्या नमुन्याशी सर्वांत जास्त जुळतो, त्याच्या नावावर चढवला जातो. म्हणजे चाचणी पूर्वज शोधत नाही. यादीतल्या नावांशी असलेली जवळीक मोजते. खरा पूर्वज यादीत नसेल, तर त्याचा वाटा यादीतल्या जवळच्या कुणाच्या तरी खात्यावर जमा होतो. यवतमाळच्या एखाद्या वस्तीवरच्या कुत्र्याचा नमुना केवळ परदेशी जातींची यादी असलेल्या प्रयोगशाळेत गेला, तर ज्यांच्याशी त्याच्या वंशाची कधी गाठही पडली नाही, अशा दूरच्या जातींची नावे अहवालात येऊ शकतात. अहवाल खोटा नसतो, पण त्याचे खरेपण यादीच्या कुंपणाआतले असते.

म्हणून प्रश्न यादीच्या इतिहासाचा आहे, आणि हा इतिहास फारसा जुना नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. लंडनचे केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशनोंदवही प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी कुत्र्यांचे प्रकार होतेच. शिकारीचे वेगळे, मेंढरांचे वेगळे, दारावरचे वेगळे. पण ते कामावरून ओळखले जात, आणि काम चांगले करणारा कुत्रा कुठल्याही घरचा असला तरी चालत असे. नोंदवहीने ही व्यवस्था उलटी केली. कानांची ठेवण, अंगाचा रंग, खांद्याची उंची ठरवून दिली गेली, आणि हळूहळू ज्याचे आईबाप वहीत त्यालाच वहीत जागा असा नियम रुळला. आज ज्यांना आपण 'प्राचीन जाती' म्हणून मान देतो, त्यांतल्या बहुतेकांचे आजचे रूप या दीडशे वर्षांच्या बंदिस्त विवाहसंबंधांतून घडलेले आहे. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांवरचे संशोधन आले. एखाद्या कुत्र्याची जात त्याच्या जनुकांवरून जवळजवळ अचूक सांगता येते, असे त्यातून दिसले. हे शक्य झाले ते जाती निसर्गतः निराळ्या होत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्यात कुंपणे इतकी कडक घातली गेली होती म्हणून.

आता तारखांकडे पाहावे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १८७२ मध्ये हिंदुस्थानची पहिली जनगणना पार पडली आणि १८८१ पासून ती नियमित झाली. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाले. या घटनांपैकी एकीमुळे दुसरी घडली, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्यामागची मनोवृत्ती एकाच काळाची आहे. जे वाहते आहे ते रकान्यात बसवावे, रकान्याला नाव द्यावे आणि ते नाव जन्मावरून पिढ्यान्‌पिढ्या चालवावे, हा त्या काळाचा ध्यास होता. माणसांची तुलना कुत्र्यांशी करण्याचा येथे हेतू नाही. तुलना आहे ती नोंदवह्यांची.

आमचा यवतमाळ जिल्हा या नोंदवह्यांच्या काळातच आकाराला आला. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. आजचा जिल्हा तेव्हा 'ऊन', म्हणजे वणी, या नावाने ओळखला जात असे आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इथल्या वस्त्यांची नावे आजही निरनिराळी आहेत : बंजाऱ्यांचा तांडा, कोलामांचे पोड, पारध्यांचा बेडा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे तांडे रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर थांबले, आणि पुसद-दारव्हा-दिग्रसच्या परिसरात शेतीवर स्थिरावले. तांड्याबरोबर राखणीला कुत्री असत. आजही जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याबरोबर रानडुकरांवर आणि रोह्यांवर भुंकायला कुत्रा लागतोच. या कुत्र्यांची कुणी नोंद केली नाही. त्यांच्या धन्यांची मात्र झाली. बंजारा आणि पारधी या समाजांवर वेगवेगळ्या भागांत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द त्या वर्षीच्या सुटकेची खूण आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजाचे नाव आजही आहे. जन्म म्हणजेच स्वभाव हे समीकरण सरकारी कागदावर उतरले की काय होते, हे सांगायला या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही.

नोंद न झालेल्या त्या कुत्र्याला इंग्रजांनी जे नाव दिले, त्याचाही इतिहास याच वाटेने जातो. ते नाव 'परिया डॉग'. तमिळमध्ये 'परै' म्हणजे एक वाद्य, ढोल; त्यावरून 'परैयर' हे एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचे नाव. युरोपीय भाषांनी ते उचलून 'बहिष्कृत' या सर्वसाधारण अर्थाने वापरले आणि मग तेच हिंदुस्थानातल्या बेवारस कुत्र्याला चिकटवले. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हे दोन्ही अर्थ आढळतात. म्हणजे माणसाची जात कुत्र्याला लावली गेली. आपल्या परंपरेत याच्या उलट दिशेचा प्रवास आधीच झाला होता. 'श्वपच', म्हणजे कुत्रे शिजवून खाणारा, हा शब्द संस्कृतात अंत्यजासाठी रूढ होता, आणि कुत्री व गाढवे हीच चांडाळाची संपत्ती, असे मनुस्मृती सांगते. एकीकडे कुत्र्यावरून माणूस हीन ठरवायचा, दुसरीकडे माणसावरून कुत्रा. दोन्हीकडे मोजमाप एकच. अलीकडे काही श्वानप्रेमी 'परिया' हा शब्द टाकून 'इन-डॉग' असे नाव वापरतात. शब्द टाकणे योग्यच. पण त्याचा इतिहास विसरला जाऊ नये.

मग हा गावठी कुत्रा आहे तरी कोण? सर्वसाधारण समज असा, की अनेक जातींची सरमिसळ होऊन तो तयार झाला, म्हणजे तो जातिवंतांचा उतार आहे. जनुकशास्त्राने हा समज मोडीत काढला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३८ देशांतील ५४९ गावकुत्र्यांचे नमुने १६१ जातींच्या ४,६७६ कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर तपासले गेले. कुत्रा माणसाळला तो मध्य आशियात, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष होता. त्यावर वाद आहेत आणि पुढेही होतील. पण गावकुत्री म्हणजे जातिवंतांची भेसळ नव्हे, त्यांना स्वतःचा दीर्घ आणि बहुतांशी स्वतंत्र वंशेतिहास आहे, आणि त्यांच्यातली जनुकीय विविधता जातिवंतांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे त्यातून स्पष्ट दिसले. शहरांतल्या काही कुत्र्यांत परदेशी जातींचे रक्त मिसळले आहे, हे खरे. तरीही मूळ प्रवाह आधीचा. जाती हे त्यातून काढलेले पाट. पाटाच्या पाण्यावरून नदीची टक्केवारी काढायची, असा हा प्रकार आहे. 'एम्बार्क'सारख्या चाचण्या आता अहवालात 'गावकुत्रा' असा वेगळा रकाना ठेवतात. यादीने आपली मर्यादा मान्य केल्याची ही खूण आहे.

या प्रवाहाच्या जुनेपणाचे एक सुंदर साक्षीपत्र महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला तांब्याच्या चार वजनदार मूर्ती सापडल्या. त्यांतला दोन बैलांचा रथ प्रसिद्ध आहे. रथात एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा आहे. या मूर्तींच्या काळाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. ज्या कारागिराने तो कुत्रा ओतला, त्याला धनी, बैल आणि कुत्रा यांचे एकत्र असणे दाखवायचे होते. त्या कुत्र्याची जात कोणती, असा प्रश्न आज आपणच विचारतो.

टक्केवारीचा प्रश्न मराठी साहित्याच्या वाचकाला आणखी एका कारणाने परका वाटू नये. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ वर्गात समजावून सांगावा लागतो. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच मासे भरले तर सोने हिणकस. त्यावरून विवाहबाह्य संततीला 'अक्करमाशी' आणि रीतसर संततीला 'बारामाशी' म्हणण्याची रूढी पडली. पाटलाच्या संबंधातून महार आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला हा शब्द आयुष्यभर वागवावा लागतो. वंशाची टक्केवारी काढायला आपल्या समाजाला प्रयोगशाळा कधीच लागली नव्हती. सराफाचा काटा पुरेसा होता. लिंबाळे यांच्या पुस्तकाचे सामर्थ्य असे, की ते 'मी पुरता बारा माशांचा आहे' असा दावा करीत नाही. तो काटा कुणाचा आणि तो कुणी हातात धरला आहे, असा प्रश्न ते विचारते.

हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये शास्त्राच्या भाषेत मांडला होता. रक्तशुद्धीसाठी जातिव्यवस्था निर्माण झाली, हा युक्तिवाद त्यांनी फेटाळला. भारतातले वंश एकमेकांत मिसळून गेल्यावर फार उशिरा जाती आल्या, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासाने याला जनुकीय आधार दिला. भारतीय उपखंडात सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि त्यानंतर जातीअंतर्गत विवाहांचे कुंपण पडले, असा त्याचा निष्कर्ष आहे. आधी मिसळण, नंतर कुंपण. कुत्र्यांच्या इतिहासाचा क्रमही हाच आहे. फक्त तिथे कुंपण दीडशे वर्षांचे आहे आणि इथे दोन हजारांच्या आसपासचे.

कुंपणाची हौस अजून संपलेली नाही. मुधोळचे मराठा राजे घोरपडे यांनी आपल्या संस्थानातल्या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि ती इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. सीमेच्या अलीकडे दख्खनी महाराष्ट्रात त्याच ठेवणीच्या कुत्र्याला 'कारवान' म्हणतात. अनेक जाणकारांच्या मते ही एकाच कुत्र्याची दोन नावे. सीमा माणसांनी आखलेली. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळसह काही देशी कुत्र्यांची अधिकृत जाती म्हणून नोंद केली आहे. देशी जनावराला मान मिळावा, हा हेतू चांगलाच. तरीही मान मिळवण्यासाठी वहीत शिरणे हाच एक मार्ग उरावा आणि वहीबाहेरचा कुत्रा पुन्हा 'नुसता गावठी' ठरावा, याची खंत वाटते. जातीच्या उतरंडीत एक पायरी वर सरकल्याने उतरंड मोडत नाही.

यात खरोखर काही पणाला लागते का, असे कुणी विचारील. लागते. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींची कुत्री आणि त्यांचे संकर 'हिंस्र' ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, असे परिपत्रक राज्यांना धाडले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. चावणाऱ्या कुत्र्यापासून माणसांचे, विशेषतः मुलांचे रक्षण व्हायलाच हवे. पण त्यासाठी जातीची यादी उपयोगी आहे का? २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे डीएनए एकत्र अभ्यासले गेले. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी जातीने उलगडतो तो केवळ सुमारे नऊ टक्के, असे आढळले. २००९ मधल्या एका छोट्या पण बोलक्या अभ्यासात निवाऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांनी पाहून सांगितलेली जात डीएनए चाचणीत सापडली ती जेमतेम एक चतुर्थांश कुत्र्यांत. म्हणजे जात नजरेने ओळखता येत नाही, आणि ओळखली तरी स्वभाव कळत नाही. 'खाण तशी माती' या म्हणीवर धोरण आखले तर त्याची शिक्षा कुणाला होते, हे १८७१ च्या कायद्याने दाखवून दिलेच आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो गंभीर आहे. शुद्धतेची चिंता नेहमीच अहंकारातून येते का? पुण्याजवळच्या माळरानांवर काही लांडगे नेहमीपेक्षा निराळ्या, पिवळसर रंगाचे दिसू लागले. द ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळूरुच्या अत्री व एनसीबीएस या संस्थांच्या अभ्यासकांनी त्यांचे जनुक तपासले, आणि लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा भारतातला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातल्या लांडग्यांची संख्या अवघी दोन-तीन हजारांच्या घरात मानली जाते. मोकाट कुत्र्यांची कोटींत. अशा वेळी संकर म्हणजे एका समूहाचे हळूहळू विरघळून नाहीसे होणे. इथे डीएनए चाचणी नसती तर धोका कळलाच नसता. तसेच, काही आनुवंशिक रोग किंवा ठरावीक औषधे न सोसणे यांचा अंदाजही या चाचण्यांतून येतो, आणि तो कुत्र्याच्या हिताचा आहे.

आमच्या मते हा आक्षेप मूळ म्हणण्याला खोडत नाही, त्याला नेमकेपणा देतो. लांडग्याबाबतचा प्रश्न 'हा टिकेल का?' असा आहे. त्यात कुणाची प्रतिष्ठा गुंतलेली नाही. औषधाबाबतचा प्रश्न 'याला काय सोसेल?' असा आहे. 'हा किती अस्सल?' हा प्रश्न या दोहोंपेक्षा वेगळा, कारण त्याचे उत्तर काहीही आले तरी कुत्र्याला त्याचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो विचारणाऱ्याला. नळीतला बोळा तोच, यंत्र तेच; प्रश्न बदलला की विद्येचे मोल बदलते.

आपल्या परंपरेने या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नालाही जागा ठेवली आहे. महाभारताच्या आरंभी सरमा नावाची कुत्री जनमेजयाच्या यज्ञात येऊन विचारते, की माझ्या मुलाने काही अपराध केला नसता त्याला का मारले. अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी एका कुत्र्यासाठी अडून बसतो. पहिल्या प्रसंगातला प्रश्न अपराधाचा आहे, दुसऱ्यातला सोबतीचा. जातीचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवत नाही. यवतमाळच्या सीमेवर, पैनगंगेपलीकडे, माहूरचे दत्तस्थान आहे. ज्या समाजाने कुत्र्याचा स्पर्श अपवित्र मानला, त्यानेच दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसवली आणि त्यांना चार वेद म्हटले. ही विसंगती आपल्या संस्कृतीची आहे, आणि तिच्यातला कोणता धागा पुढे न्यायचा हे आपल्या हाती आहे.

घरबसल्या चाचणी करणाऱ्याने ती जरूर करावी; कुतूहल ही वाईट गोष्ट नव्हे. फक्त अहवाल आला की टक्केवारीबरोबर यादीही वाचावी : तीत कोण आहे, कोण नाही, आणि ती केव्हा व कुणी केली. 'गावठी' हा शब्द मुळात गावाचे नाते सांगतो. ज्याचे नाते अख्ख्या गावाशी आहे, त्याला जात विचारण्याचे कारण उरत नाही.